कांदिवली की पुणे?

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एकच विषय चालू होता. सकाळच्या चहाबरोबर तो निघायचा आणि रात्री अंथरुणं घातली तरी संपायचा नाही. कांदिवलीचं घर विकून पुण्याला जायचं की नाही? तुमच्यापैकी पुष्कळ जणींच्या घरात हा प्रश्न आला असेल, किंवा आज ना उद्या येईल. नोकऱ्या संपतात, मुलगा तिकडे स्थिरावतो, नणंदा-जावा आधीच तिथे असतात. मग सगळे म्हणतात, "आता मुंबईत काय राहिलंय?" म्हणून म्हटलं, आम्ही काय पाहिलं आणि कुठे चुकत होतो, ते तुम्हाला सांगावं.

आधी आमच्या घराची हकीगत. १९८४ साली लग्न होऊन मी गिरगावातल्या चाळीत आले. खोल्या दोन आणि माणसं सात! १९८९ मध्ये आम्ही कांदिवली पश्चिमेला, चारकोपला आलो. जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने तिथे लहान लहान भूखंड पाडले होते. भूखंड घ्यायचा आणि आपल्या ऐपतीप्रमाणे त्यावर घर बांधायचं, अशी ती योजना. मधे चौक आणि भोवती ओळीने घरं. पलीकडे खाडी आणि खारफुटी. पहिल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, इथे कोल्हे ओरडतात गं!" आणि खरंच ओरडत होते.

गिरगावातल्या शेजारणी विचारायच्या, "एवढ्या लांब कशाला गेलात?" त्यांना मी एक गंमत सांगायची. १९२० च्या दशकात बॅक बेचा समुद्र भरून काढायला दगड नेला तो कांदिवलीच्या खाणीतून. म्हणजे तुमच्या मरीन ड्राइव्हच्या पायाखाली आमची कांदिवलीच आहे! यावर गिरगावकर गप्प बसायचे.

माझी नोकरी चर्चगेटला. जाऊन-येऊन तीन तास मोडायचे. पण खरं सांगू? त्या पासाने मला पुष्कळ दिलं. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट आणि बोरिवली यांच्यामध्ये खास बायकांची लोकल सुरू केली. संध्याकाळी त्या गाडीत आम्ही मेथी निवडली, स्वेटर विणले, डोहाळजेवणं केली, एकमेकींच्या मुलींना स्थळं सुचवली. पर्समध्ये पास आहे, तोवर मी कुणाचं बोट धरून शहरात फिरत नाही, हे मनात पक्कं बसलं.

आणि २६ जुलै २००५ कशी विसरेन? सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. गाडी अंधेरीला थांबली ती थांबलीच. गुडघाभर पाण्यातून चालत निघालो. वाटेत एका अनोळखी घराने आम्हा सहा बायकांना रात्रभर आसरा दिला. सकाळी घरी पोचले, तर शेजारच्या गुजराती बेननी सासूबाईंना जेवू घालून, औषध देऊन झोपवलं होतं. अशी माणसं सोडून जायची म्हणजे पोटात गोळा येणारच, नाही का?

मग पुण्याचा विषय निघालाच का? तर यांच्या दम्यामुळे. गेली तीन वर्षं पावसाळा आला की यांना रात्री उठून बसावं लागतं. हवा दमट, त्यात आसपास जुन्या इमारती पाडून टॉवर उठताहेत. खिडकी उघडली की सिमेंटची धूळ आत येते. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर, हवा कोरडी. मुलगा हिंजवडीला नोकरीला, वाकडला राहतो. तो म्हणाला, "आई, ते घर विकून टाका आणि माझ्याच इमारतीत फ्लॅट घ्या. बाबांना बरं वाटेल."

हे लगेच तयार! माझा मात्र पाय निघेना. त्यावरून आमच्यात अबोलाही झाला. त्यांना वाटायचं, मला त्यांच्या श्वासापेक्षा माझ्या मैत्रिणी जास्त आहेत. मला वाटायचं, चाळीस वर्षं मी सगळ्यांच्या सोयीने राहिले, आता निदान मला एकदा विचारा तरी. दोघांचंही थोडं खरं होतं. शेवटी मी म्हटलं, "भांडून काय मिळणार? पंधरा दिवस राहून पाहू या. पण पाहुण्यासारखं नाही हं. दूध मी आणणार, भाजी मी आणणार." आणि निघालो. बोरिवलीहून पुण्याला जायला एस.टी.च्या शिवनेरी गाड्या आहेत, त्यामुळे दादरला जाऊन धावपळ करावी लागली नाही.

वाकडला मुलाचं घर तेराव्या मजल्यावर. छान हवेशीर, स्वच्छ. यांना पहिल्या रात्रीपासून शांत झोप लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि मनातल्या मनात देवाला हात जोडले. पण तिसऱ्या दिवशी कोथिंबीर आणायला म्हणून खाली उतरले, तर फाटकाबाहेर मोठा रस्ता, पदपथ मधेच संपलेला आणि गाड्यांची रांग. पलीकडे जायला दहा मिनिटं उभी राहिले आणि तशीच परत आले. सूनबाई म्हणाली, "आई, फोनवर मागवा ना. दहा मिनिटांत दारात येतं." आलंही. पण कोथिंबीर आली तरी माझं बाहेर पडणं काही आलं नाही. देवळात जायचं तर रविवारी मुलाला वेळ असेल तेव्हा. वाचनालयाचंही तेच. पोरं गुणी आहेत, कधी नाही म्हणाली नाहीत. पण प्रत्येक गोष्टीसाठी विचारायचं म्हणजे जिवावर येतं हो!

दहाव्या दिवशी आम्ही कोथरूडला वन्संकडे गेलो. तिथे मात्र वेगळंच पुणं दिसलं. सकाळी खाली उतरलं की पाच मिनिटांवर भाजीवाला, सातव्या मिनिटाला औषधांचं दुकान, दवाखाना आणि पिठाची गिरणी. मेट्रोही जवळ. पुण्याची मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली, तिच्या पहिल्या टप्प्यात कोथरूडच्याच वनाझपासून गरवारे कॉलेजपर्यंतचा मार्गही होता. पुणेकर माणूसघाणे, दुपारी एक ते चार दारसुद्धा उघडत नाहीत, असं ऐकत आलो होतो. पण दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाई अळूची भाजी घेऊन आल्या आणि तासभर बसल्या. तेही दुपारी दोनला!

आणि आमच्या वन्सं! १९८१ मध्ये त्यांनी लूना घेतली, तेव्हा माहेरी केवढी चर्चा झाली होती. लूना म्हणजे तिथलीच, किनेटिकची, १९७२ साली बाजारात आलेली. आज वन्संनी पासष्टी ओलांडली आहे, पण स्कूटरवर बसून त्या भजनाला, बँकेत, नाटकाला एकट्या जातात. मला म्हणाल्या, "वहिनी, तुमचा जसा पास, तशी आमची ही चावी." हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

त्या रात्री मी हिशेबाच्या वहीचं शेवटचं पान काढलं आणि रकाने पाडले. कांदिवली, वाकड, कोथरूड. खाली लिहिलं: दूध, भाजी, औषध, डॉक्टर, बँक, देऊळ, वाचनालय, मैत्रीण. प्रत्येकापुढे दोनच गोष्टी. पायी किती मिनिटं? आणि जाण्यासाठी कुणाला विचारावं लागतं? कांदिवलीच्या रकान्यात दुसऱ्या प्रश्नापुढे सगळीकडे "कुणालाही नाही" आलं. वाकडला जवळजवळ सगळीकडे "मुलाला". कोथरूडला पुन्हा बहुतेक "कुणालाही नाही". सकाळी ती वही मी यांच्यापुढे ठेवली. यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मग म्हणाले, "अगं, हे मला कधी दिसलंच नाही. मी आपला मुंबई आणि पुणे, एवढंच पाहत होतो."

मैत्रिणींनो, मुख्य गोष्ट मला तेव्हा उमगली. आपण शहरांची तुलना करतो, पण शहरात कुणीच राहत नाही. आपण राहतो ते घरापासूनच्या दहा-पंधरा मिनिटांत. २०२१ मध्ये तेवीस गावं आत आली आणि पुण्याची महापालिका क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठी झाली. वाकड तर पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेत येतं. मग "पुणं चांगलं" म्हणजे नेमकं कुठलं? मुंबईचंही तेच. चारकोपची बाई आणि कुलाब्याची बाई एका शहरात राहतात, असं म्हणायला फक्त कागदोपत्री अर्थ आहे. आणि ती दहा मिनिटं मोजायची ती घरातल्या बाईच्या पायांनी. पुरुष मोटारीतून मोजतात, तिथेच हिशेब चुकतो.

सोयी-गैरसोयी दोन्हीकडे आहेतच. मुंबईला दही पाच तासांत लागतं. पुण्याला डिसेंबरात विरजणाचं भांडं शालीत गुंडाळून ठेवावं लागतं. उलट पावसाळ्यात आमच्याकडे मिठाला पाणी सुटतं, रव्यात अळ्या होतात. मनोरी-गोराईकडून येणाऱ्या कोळणीचे ताजे बोंबील पुण्यात कुठून मिळणार? पण तिथे दुपारी पापड वाळतात ते एका उन्हात. पाण्याचं संकट कुणाला चुकलंय? आमचा २६ जुलै, तर त्यांचा १२ जुलै १९६१, पानशेतचा पूर. म्हणून मी म्हणते, रवा आणि दह्यावरून शहर ठरवू नये.

परत आल्यावर आमच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पंधरा दिवसांवरून काही ठरवू नका. पुण्याची थंडीसुद्धा दम्याला सोसत नाही कधी कधी. एक पूर्ण वर्ष पाहा." तेव्हा मला आठवण झाली ती अण्णासाहेब कर्व्यांच्या महिला विद्यापीठाची. १९१६ साली ते पुण्यात सुरू झालं आणि १९३६ मध्ये त्याचं मुख्य ठिकाण मुंबईला आलं. पण पुण्याचं बिऱ्हाड काही मोडलं नाही. कर्वे रस्त्यावर ते आजही नांदतंय. एवढ्या मोठ्या संस्थेने जे केलं, ते आपण का करू नये?

म्हणून आम्ही घर विकलं नाही. कांदिवलीचं घर अकरा महिन्यांच्या कराराने दिलं आणि कोथरूडला वन्संच्या गल्लीत दोन खोल्या भाड्याने ठरवल्या. इथल्या भाड्यात तिथलं भाडं भागतं. मुलाला आधी वाईट वाटलं. मी त्याला म्हटलं, "अरे, तासाभरावर तर आहोत. तू बोलावशील तेव्हा येऊ, आणि मला यावंसं वाटेल तेव्हा माझी मी येईन." आता हसतो तो.

तुमच्याही घरी हा विषय असेल, तर चार गोष्टी सांगते. पहिली, राहून पाहिल्याशिवाय घर विकू नका. विकलेलं घर त्याच किमतीत परत मिळत नाही. दुसरी, राहायला जाल ते पावसाळ्यात आणि थंडीतही जा. नुसत्या मे महिन्याच्या सुट्टीवरून काही कळत नाही. पाणी किती वाजता येतं, टँकर मागवावा लागतो का, हे इमारतीतल्या बायकांनाच विचारा. घर दाखवणारा सांगणार नाही. तिसरी, घर भाड्याने देताना करार लेखी आणि नोंदणी केलेलाच करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि घरावर तुमचं नाव असेल तर सही तुमचीही लागते. सही करण्याआधी वाचा हं! आणि चौथी, तो दोन प्रश्नांचा कागद नवऱ्याला नुसता सांगू नका, लिहून दाखवा. सांगितलेलं भांडणात विरून जातं.

येत्या जूनमध्ये आम्ही निघू. शेजारच्या बेन चार वेळा रडून झाल्या. बोंबील सुकवून डब्यात भरलेत. वर्षाअखेर पुणं सोसलं तर राहू, नाही तर चारकोपचं दार आपलंच आहे.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. गेले तीन रविवार सकाळी सहाला, चौकात कुणी नसतं तेव्हा, बेनची नात मला स्कूटर शिकवते आहे. दोनदा पडले, गुडघा सोलवटला. हे गॅलरीतून ओरडतात, "अगं, या वयात कशाला?" मी काही बोलत नाही. पास होता तोवर ठीक होतं. आता चावी हवी.