दुआ झाली, आता अर्ज

जुम्याची नमाज झाली की जुन्या नाशकातल्या आमच्या मशिदीबाहेर मला दोन-तीन पोरं हमखास गाठतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागदं. "सर, हा फॉर्म जरा बघा ना." उर्दू-मराठी दोन्ही शिकवणारा मास्तर म्हणून हे काम माझ्याकडे आपोआप आलं.

त्यात माझा एक जुना विद्यार्थी होता. आयटीआय झालेला, सातपूरला ठेकेदाराकडे रोजावर जाणारा. त्याला स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकायचं होतं. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत तारण लागत नाही, हे त्याला मीच सांगितलं होतं. पण एका बँकेत त्याला सांगितलं, पगारदार जामीनदार आणा. "सर, तुम्ही व्हाल का?" मी म्हणालो, "घरी विचारून सांगतो." घरी मी विचारलंच नाही. पुढचे दोन जुमे मागच्या दारानं निघून गेलो.

तिसऱ्या जुम्याला इमामसाहेबांनी बयानात कुऱ्हाडीचा किस्सा सांगितला. एक अन्सारी सहाबी मदत मागायला आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरातली चादर आणि पेला मागवून दोन दिरहमला विकला. एका दिरहमचं धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. जा, लाकडं तोड आणि वीक. हा किस्सा मी वर्गात कितीदा सांगितला असेल! त्या दिवशी मात्र मान वर करवली नाही. कुऱ्हाडीला दांडा प्रेषितांनी स्वतःच्या हातानं बसवून दिला होता. मी तर साधी सही टाळत होतो.

त्याच रात्री जमातीची बैठक झाली. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं ठरत होतं. एक बुजुर्ग म्हणाले, "मशिदीत राजकारण नको. जकात आहे ना आपली." त्यांचा मान राखून मी बोललो. जकात अडीच टक्के. तिच्यातून चूल पेटते, फी भरली जाते, औषधं येतात. घर आणि रोजगार तिच्यावर उभे राहणार नाहीत. आणि आपण कर भरतोच. मग सरकारी तिजोरीकडे हिशेब मागणं हे भीक मागणं कसं?

मागायचं तरी काय? २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी पंतप्रधानांचा १५ कलमी कार्यक्रम आला. शक्य तिथे योजनांचा १५ टक्के वाटा अल्पसंख्याकांपर्यंत पोहोचवावा, असं त्यात लिहिलं आहे. कर्ज, तांत्रिक शिक्षण, घरकुल, वस्तीसुधार, सगळं त्यात आहे. राज्याची महमूद-उर-रहमान समितीही २०१३ साली अहवाल देऊन मोकळी झाली. २०१४ चं पाच टक्के आरक्षण अध्यादेशाबरोबरच विरून गेलं. अहवालांची वाण नाही. वाण आहे ती दारापर्यंत येणाऱ्या पैशाची.

घरांचंच बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधायला अनुदान मिळतं, पण जागा आपल्या नावावर लागते. जुन्या वाड्यात तीन पिढ्या भाड्यानं राहणाऱ्याकडे ती कुठून येणार? तयार सदनिका घ्यायची तर उरलेल्या रकमेला कर्ज लागतं आणि कर्जाला पगाराची स्लिप. रोजंदारीवाला दोन्हीकडून बाहेर.

बैठकीत एका तरुणानं विचारलं, "फक्त आपल्यासाठी मागायचं का?" मला हजरत उमर (रजि.) यांचा किस्सा आठवला. दारोदार मागणाऱ्या म्हाताऱ्या यहुद्याला त्यांनी बैतुलमालमधून मदत लावून दिली, असं सांगतात. धर्म वेगळा असूनही दिलं. वाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या हिंदू कुटुंबाकडेही तोच कागद नाही. म्हणून निवेदनात आम्ही लिहिलं: वाड्यातल्या आणि वस्तीतल्या सर्व भाडेकरूंचं सर्वेक्षण करा, भाडेकरूंसाठी घरांना निधी द्या, आणि बिनतारण कर्जाला जामीनदार मागणं बंद करा. मराठी मसुदा मी केला. शेवटचं कलम लिहिताना हात थोडा थांबला.

दुसऱ्या दिवशी घरी विचारलं. बायको म्हणाली, "हे विचारायला एवढे दिवस लागले?" मी त्या मुलाला फोन लावला. सरकारचं उत्तर येईल तेव्हा येईल, माझं उत्तर महिनाभर उशिरानं गेलं.