वरंध्याच्या वाटेवर नवा वाटाड्या

मैत्रिणींनो, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बाईला नुसतं बसायचं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बसून पाहावं! ओढणी चाकात जाऊ नये म्हणून सांभाळायची, मांडीवरची पिशवी आवरायची आणि वर फाटा आला की मान उंच करून पाटी वाचायची. ‘अहो, डावीकडे!’ असं ओरडेपर्यंत फाटा मागे पडलेला असतो. बरं, गाडी थांबवून कुणाला विचारा म्हटलं, तर बहुतेक यजमानांना त्यात कमीपणा वाटतो. तुमच्याकडेही असंच ना?

आमच्या ह्यांनी २०११ साली यावर तोड काढली. बुलेटच्या हँडलवर जीपीएसचं यंत्र बसवलं. तळहाताएवढा पडदा, त्यावर रस्त्याची रेघ आणि हेल्मेटमध्ये ऐकू येणारा आवाज. माझं निम्मं काम त्यानं केलं, म्हणून मला त्याचा राग कधीच आला नाही. पण यंत्रालाही म्हातारपण येतं. चार्जिंगच्या भोकावरचं रबराचं झाकण सैल झालं, त्यातून पावसाचं पाणी शिरलं. बॅटरी तासाभरात मान टाकू लागली. बोट एकीकडे लावावं, तर उघडावं भलतंच! शेवटी मागच्या दिवाळीच्या आधी नवं यंत्र घ्यायचं ठरलं.

‘हातात फोन असताना वेगळं यंत्र कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटलं होतं. किंमत धुलाई यंत्राच्या घरात जाते, तेव्हा गृहिणीनं विचारायलाच हवं. पण माझं माहेर महाडचं. जुलै २०२१ मध्ये महाडला महापूर आला, तेव्हा दोन दिवस भावाचा फोन लागत नव्हता. तिकडे टॉवरच बंद पडले होते. त्या दोन दिवसांत मला एक गोष्ट कळली. आपण फोनच्या ज्या नकाशावर विसंबतो, तो पुष्कळदा टॉवरमार्फतच येत असतो. टॉवर गेला की पडद्यावर ठिपका राहतो, पण त्याच्याभोवतीचा रस्ता नाहीसा होतो.

जीपीएस मात्र टॉवरवर चालत नाही. पृथ्वीपासून सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह वेळेचे संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते यायला किती वेळ लागला यावरून यंत्र आपली जागा काढतं. ही सोय मुळात अमेरिकेच्या लष्करासाठी होती. १९८३ साली कोरियाचं एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. त्यानंतर ती सर्वांना खुली करण्याची घोषणा झाली. तरीही सामान्यांच्या यंत्रात मुद्दाम थोडी चूक ठेवलेली असे, ती मे २००० मध्ये काढून टाकली. पाहा, एका चुकलेल्या वाटेपायी केवढं घडलं!

आता आमची वाट सांगते. पुण्याहून कात्रजचा बोगदा ओलांडून कापूरहोळपर्यंत महामार्ग. तिथून भोरकडे वळलं की गाड्यांचा गोंगाट मागे पडतो. भोर म्हणजे पंतसचिवांचं जुनं संस्थान. वेळ असेल तर तिथला राजवाडा बाहेरून तरी जरूर पाहा. भोर सोडलं की नीरा-देवघर धरणाचं पाणी सोबतीला येतं. दिवाळीनंतर डोंगर अजून हिरवे असतात, पाणी काठोकाठ असतं आणि सकाळचं ऊन त्यावर पडलं की डोळ्यांपुढे नुसती लखलख होते.

हीच लखलख जुन्या यंत्राला बाधत असे. उन्हात पडदा काळा दिसायचा आणि हे डोळे बारीक करून वाकायचे. घाटात वाकून पाहणं किती धोक्याचं, ते मागे बसणारीलाच ठाऊक! नव्या यंत्राचा पडदा साडेपाच इंचांचा, भर उन्हातही स्पष्ट दिसणारा. हातमोजे न काढता त्यावर बोट चालतं. पाण्याचं म्हणाल, तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिलं तरी बिघडू नये असा त्याचा दर्जा आहे. ह्यांचं वय आता अठ्ठावन्न. चष्म्याचा नंबर बदललाय हे ते कबूल करत नाहीत, पण मोठी अक्षरं पाहून स्वारी खूष झाली, हे मी पाठीमागूनही ओळखलं.

पुढे वरंधा घाट लागतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल दरी आणि मध्ये वाघजाईचं देऊळ. देवळापाशी गरम भजी आणि चहा मिळतो. इथे थांबल्याशिवाय पुढे जाऊ नका. माकडं फार आहेत, पिशवीचं तोंड बांधून ठेवा. फोनची रेंज या घाटात येते-जाते. नव्या यंत्रात नकाशा आत साठवलेला असल्यामुळे पुढचं वळण केवढं वाकडं आहे, ते ह्यांना आधीच दिसत होतं.

पण मैत्रिणींनो, यंत्राला सगळंच कळतं असं समजू नका. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वरचेवर बंद ठेवतात. साठवलेल्या नकाशात मात्र रस्ता बाराही महिने असतोच. महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिश काळातला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्या रात्री कुठल्याही यंत्राच्या पडद्यावर पूल शाबूतच दिसला असता. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये झाला. तेव्हा घाटात शिरण्यापूर्वी भोरला गाडी थांबवून एसटीच्या ड्रायव्हरला नाहीतर चहावाल्याला विचारायचंच, हा नियम मी घातला आहे. ह्यांनीही तो निमूटपणे मान्य केला आहे.

घाट उतरला की शिवथरघळीकडे फाटा जातो. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला ती ही जागा. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली ती पुन्हा शोधून काढली. ना उपग्रह, ना पडदा. जुन्या कागदांतले उल्लेख आणि डोंगरातली पायपीट. घळीत बसलं की धबधब्याच्या आवाजाखेरीज दुसरं काही ऐकू येत नाही.

मग महाड. १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचं पाणी सर्वांसाठी मोकळं केलं, ते तळं इथलंच. माझं माहेर जुन्या बाजारपेठेत होतं. २०२१ च्या पुरात खालचा मजला बुडाला. आईची भांडी, शिवणयंत्र, माझ्या लग्नातला पाट सगळं चिखलात गेलं. आई वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली. आता ती भावाकडे उंचवट्यावर राहते.

जुन्या यंत्रात ‘आई’ या नावानं जी खूण होती, ती त्या बुडालेल्या घराची. नवं यंत्र आणल्यावर हे म्हणाले, ‘जुन्यातलं सगळं पुसून नव्यात नव्यानं भरू.’ मी म्हटलं, ‘अहो, थोडं थांबा.’ दहा-बारा वर्षांच्या खुणा होत्या त्यात. गोंदवले, औंध, मुलीचं वसतिगृह, एका पावसात ज्या शेतकऱ्यानं ओसरी दिली त्याचा वाडा. मुलानं संगणकाला तार जोडून साऱ्या खुणा एका फाइलमध्ये उतरवल्या आणि नव्या यंत्रात चढवल्या. ‘आई’ ही खूण आता भावाच्या दारात आहे. बाजारपेठेतल्या खुणेला मी ‘आमचं घर’ असं नाव दिलं. तिकडे कधी जायचं असतं असं नाही. पण असू द्यावी.

तुमच्या घरी असा बदल होणार असेल, तर या गोष्टी ध्यानात ठेवा:

• रोज गावातल्या गावातच फिरायचं असेल तर यंत्राचा खर्च करू नका. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून घेतला की पुरतो. मात्र मोठ्या मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्याला इजा होऊ शकते, असं ॲपल कंपनीनं २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं आहे. कंपनं शोषणारी पकड वापरा.

• जुनी पकड नव्या यंत्राला बसेल असं गृहीत धरू नका. गोळ्याचं माप घेऊन मगच दुकानात जा.

• वायर गाडीच्या बॅटरीला जोडताना मध्ये फ्यूज घालायला सांगा. काम चांगल्या मेकॅनिककडूनच करून घ्या.

• जुन्या यंत्राची बॅटरी फुगलेली दिसली तर ते चार्ज करू नका, केरातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

• जुनं यंत्र कुणाला देण्यापूर्वी सगळं पुसा. नाहीतर ‘घर’ या बटणावर बोट ठेवताच परका माणूस तुमच्या दारात येईल! नव्यातही ‘घर’ म्हणून स्वतःचा दरवाजा न देता गल्लीच्या तोंडाची खूण द्या.

• नकाशा वर्षातून दोनदा तरी ताजा करा. आम्ही पाडव्याला आणि दसऱ्याला करतो, म्हणजे विसर पडत नाही.

आणि एक शेवटचं. यंत्र बोलू लागलं म्हणून मागच्या सीटवरून आपण गप्प बसायचं नाही. पुढे खड्डा आहे, गाय आडवी आली आहे, ह्यांना झोप येते आहे, हे उपग्रहाला वरून दिसत नाही. ते आपल्यालाच सांगायचं आहे.