बियाण्याचा दुधी

आमच्या निवासस्थानामागे, विहिरीच्या काठाला, जेमतेम अर्ध्या गुंठ्याची एक जागा आहे. चार वर्षांपूर्वी या धर्मग्रामात आमची बदली झाली, तेव्हा तेथे मंडपाचे बांबू, मोडकी बाके आणि कमरेएवढे तण होते. आज तेथे वांगी, मिरची, चवळी, अळू आणि मांडवावर दुधी आहे. भेटीस येणारे कौतुकाने म्हणतात, "फादर, तुमच्या हाताला गुण आहे." हे कौतुक आम्हांस निमूटपणे स्वीकारवत नाही. त्याचे कारण आज वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

आमचे बालपण वसईतील एका वाडीत गेले. पुढे केळी आणि पानवेली, मागे बावखल, आणि घर व बावखल यांच्यामध्ये आईचा भाजीचा तुकडा. केळीचा हिशोब वडिलांकडे असे. भाजी मात्र सर्वस्वी आईची. मे महिन्यात ती आळी खणून त्यांत कुजलेले शेणखत आणि चुलीची राख मिसळून ठेवी. पहिला पाऊस मुरला, की रात्रभर भिजवलेले दुधीचे बी टोचून घाली. एका आळ्यात तीन बिया आणि उगवल्यावर जोमदार तेवढे एकच रोप राखी. वांगी-मिरचीची रोपे वीतभर झाली, की ती संध्याकाळी लावी आणि दोन-तीन दिवस त्यांवर झापाची सावली धरी. पहिल्या चांगल्या दुधीला ती लाल चिंधी बांधी. तो बियाण्याचा दुधी! घरात पाहुणे आले, दुसरी भाजी नसली, तरी त्याला विळी लागत नसे. साल लाकडासारखी टणक होऊन आतील बी खुळखुळेपर्यंत तो वेलावरच राही.

पुढे आम्ही सेमिनरीत गेलो. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर आजवर किती प्रवचने केली, याची गणती नाही. पण त्या सर्व वर्षांत एकदाही हातात खुरपे धरले नव्हते.

आई गेल्यानंतर, 2007 साली, वाडी विकण्याचे ठरले. थोरला भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला आणि म्हणाला, "तू फादर. तुला वाडी काय करायची?" आम्ही बसल्या जागी सही केली. वैराग्याचे एक कृत्य आपल्या हातून घडले, असे समाधानही त्या रात्री वाटले. वस्तुतः धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही. ती सही आमच्याकडे कोणत्याही नियमाने मागितली नव्हती. भावाला पैशांची निकड होती, आणि आम्ही नकार दिला असता तरी वाडी वाचली असती असे नव्हे. परंतु "काय विकतो आहोत?" एवढा एक प्रश्नही आम्ही विचारला नाही. ज्याची कधी निगा राखली नाही, ते सोडणे आम्हांस सोपे गेले. त्याला आम्ही त्याग म्हणत आलो. पुढे बावखल बुजले. आता तेथे चार मजली इमारत आहे.

सही आमच्या धाकट्या बहिणीनेही केली होती. तिने मात्र निघताना आईच्या फडताळातील बियांची बाटली मागून घेतली. या धर्मग्रामात आल्यावर आम्ही मागची जागा साफ करून घेतली, तेव्हा तिने कागदाच्या पुडीत दुधीच्या बिया पाठवल्या. आम्ही आश्चर्याने विचारले, "आईच्या हातचे बी इतकी वर्षे टिकले?" ती हसली. "भाऊ, बी कुठले टिकते? दर वर्षी लावले, म्हणून राहिले."

पहिल्या वर्षी वेल मांडवभर पसरला, पांढऱ्या फुलांनी भरला, आणि बोटाएवढी फळे पिवळी पडून गळू लागली. आम्ही खताला दोष दिला, विहिरीच्या मचूळ पाण्याला दोष दिला. बहिणीने फोनवर एकच विचारले, "तिन्हीसांजेला मांडवाखाली जातोस का?"

आम्ही जात नव्हतो. दुधीचे फूल सांजेला उमलते. नराचे फूल नुसत्या देठावर असते, मादीच्या फुलाखाली इवलासा दुधी असतो. पावसाळी हवेत कीटक फिरकले नाहीत, तर नराचे फूल खुडून मादीच्या फुलाला हलकेच टेकवावे लागते. एरवी फळ धरत नाही. ते ऐकताना एकाएकी आठवले, की संध्याकाळच्या रोझरीला आई नेहमी उशिरा येई. वडील रागावत. ती ओले हात पदराला पुसत गुडघे टेकी. रोज ती कोठे रेंगाळते, हे आम्हां मुलांना कधी कळले नाही, आणि आम्ही कधी विचारलेही नाही.

त्या दिवसापासून संध्याकाळचा तो अर्धा तास आम्ही मांडवाखाली घालवतो. सकाळी मिस्सापूर्वी पाणी; खाऱ्या अंशाने पानांच्या कडा करपतात, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी कोवळ्या रोपांना राखून ठेवतो. चवळीवर मावा दिसला, की दवात राख भुरभुरवायची. दर आठवड्याला तण. लावणीच्या दिवशी युवकांची फौज हौसेने येते. तण काढायला कोणी येत नाही. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्हीही पन्नाशी उलटेपर्यंत आलो नव्हतो.

पुढील वर्षी आमची बदली होईल. यंदा मांडवावर दोन दुधींना लाल चिंध्या बांधल्या आहेत. परवा स्वयंपाकीणबाईंनी विचारले, "फादर, हा चांगला कोवळा आहे, चिरू का?" आम्ही घाईने नको म्हटले. एकाच्या बिया रविवारी मिस्सानंतर, ज्यांच्याकडे हातभर अंगण किंवा खिडकीत कुंडी आहे, त्यांना वाटणार आहोत. दुसरा नव्या फादरांसाठी येथेच ठेवून जाऊ. सोबत एक चिठ्ठीही ठेवू, की संध्याकाळी मांडवाखाली यावे.