उरलेला भात

कोंबड्या पाळण्याची परंपरा आमच्या घराण्यात नाही. आजोबांच्या काळी अंडे हा शब्द घरात उच्चारण्याचीसुद्धा सोय नव्हती. वडिलांच्या काळी तो घरात आला, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीचे बोट धरून आला आणि परसातल्या स्टोव्हपाशीच थांबला. त्यामुळे 2021 च्या हिवाळ्यात आम्ही आठवड्याच्या बाजारातून सहा तलंगा डालग्यात घालून घरी आणल्या, तेव्हा आमच्या वृद्ध आईने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिचे वर्णन न केलेलेच बरे. "आणल्यास तर खरं; आता उपाशी मारू नकोस म्हणजे झालं," एवढेच ती बोलली.

उपाशी मारण्याचा प्रश्नच नव्हता. बाजारातल्या बाईने पैसे कमरेला खोचता खोचता विचारले होते, "सायेब, ह्यास्नी खायाला काय घालनार?" आम्ही उदारपणे उत्तर दिले होते, "आम्ही जेवतो तेच!" बाई हसली. ते हसू कौतुकाचे आहे असा आमचा त्या वेळी समज झाला.

खरोखर, आपल्या हाताने कोणाला तरी खाऊ घालण्यात जे सुख आहे ते मनुष्याला फार स्वस्तात मिळते. दुपारची जेवणे आटोपली की आम्ही पातेल्यातला उरलेला भात, पोळीचे तुकडे, कधी फरसाणाचा चुरा असे एका ताटलीत घेऊन मागच्या दारी जात असू. ताटलीचा आवाज होताच सहाच्या सहा कोंबड्या पंख पसरून, माना पुढे काढून आमच्याकडे धावत सुटत. आमच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत आमच्याकडे कोणी इतक्या आतुरतेने धावत आल्याचे आम्हांला स्मरत नाही. मग आम्ही सकाळीही जाऊ लागलो, संध्याकाळीही जाऊ लागलो, आणि भात पुरेसा उरत नाही असे दिसताच आम्ही कुटुंबाला एक मूठ तांदूळ जास्तच टाकण्याची सूचना केली. दिवाळीत त्यांना चकलीचा चुरा मिळाला. कोंबड्या गलेलठ्ठ दिसू लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला आम्ही त्या अभिमानाने दाखवीत असू.

या सहांत एक तांबडी होती. रोज सकाळी नऊच्या सुमारास खुराड्यातून तिचा विजयाचा गजर ऐकू येई. इतर पाच जणी आठवड्यातून तीन-चार अंडी देत. तांबडीचा खाडा क्वचितच पडे. कोंबडीच्या पोटात एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात आणि त्यांतले सुमारे 20 तास एकट्या कवचाचेच असतात, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते. अंडे हे कोंबडीला आपोआप येते, जसे झाडाला पान येते, अशीच आमची समजूत होती.

पुढच्या चैत्रात अंड्यांची कवचे पातळ होऊ लागली. टोपलीत ठेवता ठेवता एखादे तडकू लागले. एके दिवशी तर तांबडीने कवचच नसलेले, नुसत्या पडद्यातले अंडे घातले. ते हातात घेताच फुग्यासारखे लिबलिबले. आम्ही म्हटले, उन्हाळा आहे, चालायचेच. आठ दिवसांनी ती चालताना झोकांड्या देऊ लागली, मग गुडघ्यांवर बसूनच राहू लागली. आम्हांला वाटले, अशक्तपणा आला आहे. आम्ही तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे ठेवले आणि जास्त भात घातला. त्यावर तूपही घातले. तिने तो सगळा खाल्ला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती खुराड्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडलेली आढळली.

पशुवैद्यांना आम्ही रोगाची साथ आली असेल या भीतीने बोलावले. त्यांनी मेलेली कोंबडी उचलली, गळ्याखालची पिशवी चाचपली. ती भाताने टम्म भरली होती. मग त्यांनी तिच्या छातीचे हाड दोन बोटांत धरून दाबले. ते ओल्या फांदीसारखे वाकले. "साथ वगैरे काही नाही," ते म्हणाले. "हिने आपली हाडं अंड्यांत घातली."

हा हिशेब त्यांनी आमच्याच वहीत मांडून दिला, आणि तो आम्ही अद्याप फाडलेला नाही. एका अंड्याच्या कवचाचे वजन पाच-सहा ग्रॅम असते आणि त्यात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम असते. कोंबडीच्या साऱ्या सांगाड्यात मिळून कॅल्शियम सुमारे 20 ग्रॅम. म्हणजे रोज अंडे घालणारी कोंबडी रोज आपल्या सांगाड्याच्या दहाव्या हिश्शाएवढा ऐवज बाहेर टाकते. तो ऐवज अन्नातून परत आला तर ठीक. न आला तर ती अंडे थांबवण्याआधी आपल्या हाडांना हात घालते. खाल्लेल्यातले जवळजवळ निम्मेच कॅल्शियम अंगी लागत असल्यामुळे तिच्या पोटात रोज 4 ग्रॅमच्या आसपास जावे लागते. 100 ग्रॅम शिजलेल्या भातात ते असते सुमारे 10 मिलिग्रॅम. एका अंड्याचे कवच भातातून उभे करायचे तर कोंबडीने दिवसाला 40 किलो भात खायला हवा! तांबडीचे स्वतःचे वजन दीड किलोच्या वर नव्हते. जी कोंबडी कमी अंडी घालते ती या हिशेबात तगते. जी रोज घालते तीच आधी बसते.

वाचकांपैकी कोणी म्हणतील, की खेड्यापाड्यांत कोंबड्यांना दुसरे काय मिळते? उष्टेखरकटेच ना? आम्हीही पशुवैद्यांना हेच विचारले. परंतु गावरान कोंबडी वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी घालते, मध्येच खुडूक बसून विसावा घेते, आणि दिवसभर उकिरडा, शेत आणि कुंपण उकरून किडे, वाळवी, कोवळे कोंब, चुनखडीचे खडे यांचे जेवण स्वतः जुळवते. उष्टे हे तिचे तोंडी लावणे असते. आमच्या कोंबड्या सुधारित जातीच्या, वर्षाला त्याच्या दुपटीहून अधिक अंडी देणाऱ्या. त्यांना आम्ही चार भिंतींच्या आत, फरशी घातलेल्या अंगणात कोंडले, आणि तोंडी लावणेच तेवढे वाढले. रिवाज जुना होता, पण ज्या परिस्थितीत तो चालत होता ती आम्ही मागे सोडून आलो होतो.

कोंबड्यांना उरलेला भात घालून फसलेले आम्ही पहिले नव्हतो, हे वाचून पुढे आमचे थोडे समाधान झाले. 1890 च्या सुमारास जावा बेटावर बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्तात, ख्रिस्तियान आइकमान नावाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचे जंतू शोधीत होते. जंतू काही सापडेनात. पण प्रयोगशाळेच्या आवारातल्या कोंबड्या मात्र एकाएकी लटपटू लागल्या, पायांतून गेल्या. आणि काही महिन्यांनी तशाच एकाएकी बऱ्या झाल्या. चौकशी करता असे निघाले, की काटकसर म्हणून प्रयोगशाळेचा नोकर त्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घालीत होता. मध्येच आचारी बदलला, आणि लष्करी भात मुलकी कोंबड्यांना देणार नाही असे नव्या आचाऱ्याने ठणकावून सांगितले. कोंबड्या पुन्हा कोंड्यासकटच्या तांदळावर आल्या व सुधारल्या. भातात काही विष आहे व कोंड्यात त्याचा उतारा, असे आइकमान समजत राहिले. भातात काही आहे म्हणून नव्हे, तर काही नाही म्हणून रोग होतो, हे त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी 1901 साली मांडले. त्यातूनच पुढे जीवनसत्त्वांची विद्या उभी राहिली, आणि आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिकाचा निम्मा वाटा मिळाला. त्या अडेलतट्टू आचाऱ्याला काही मिळाल्याचे आमच्या वाचनात नाही. आम्हांला स्वतःला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

त्याच वर्षी श्रावणात आई मागच्या पायरीवर घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. पायरी वीतभर उंचीची होती. क्ष-किरणाचे चित्र उजेडासमोर धरून डॉक्टरांनी आम्हांला दाखविले; हाड जिथे पांढरे दिसायला हवे तिथे ते धुक्यासारखे दिसत होते. त्यांनी आईला विचारले, "आजी, तरुणपणी दूध घेत होतात का?"

आई म्हणाली, "उरलं तर."

आम्ही पाच भावंडे. सर्वांची पाने उठल्यावर आई पातेली पुढे ओढून बसत असे, हे आम्ही लहानपणी रोज पाहिले आहे. शिळी भाकरी, तळाचा भात, पातेल्याला चिकटलेली आमटी. "अन्न टाकू नये," असे ती म्हणे आणि आम्हांला ते पाठ झाले होते. दूध उरल्याचे काही आम्हांला आठवत नाही. घरी परतताना रिक्षेत ती आमच्या शेजारी प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन बसली होती, आणि कोंबड्यांना दुपारी पाणी दाखवले का, म्हणून विचारीत होती.

हात बांधलेला असतानाच तिने खुराड्याचा कारभार आपल्याकडे घेतला. तयार खाद्य आम्ही आणले; त्यात सोळा-सतरा टक्के प्रथिने व साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. पाच कोंबड्यांना प्रत्येकी 110 ग्रॅम धरले तर 50 किलोचे पोते तीन महिने जाते. हा हिशेब ऐकून आईने पहिलाच हुकूम सोडला की पावसाळ्यात पोते आणायचे नाही, दहा दहा किलोच आणायचे. तिला बुरशीचा तिटकारा. परंतु शास्त्रही तिच्याच बाजूचे निघाले. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले ते बुरशी धरलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे, आणि त्या बुरशीच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन असे नाव मिळाले. आपल्याकडची पेंड भुईमुगाचीच, आणि आपला पावसाळा चार महिन्यांचा. कुबट वास आलेले दाणे "कोंबड्यांना घाला" म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना आई आता दारातूनच परत पाठवते.

सुकटीवरून मात्र घरात महायुद्ध झाले. पंख पुन्हा येण्याच्या दिवसांत कोंबड्यांना धान्यातल्या प्रथिनांहून वेगळी, मांसाशनातली प्रथिने उपयोगी पडतात असे कळल्यावर आम्ही मूठभर सुकट आणली. तिचा वास स्वयंपाकघरापर्यंत पोचला, आणि डबा कुंपणाच्या बाहेर गेला. शेवटी बाजारातल्या त्याच बाईने तोड सुचविली: मडक्यात शेण व पाचोळा कोंबून, थोडे पाणी शिंपडून ते रात्री वाळवीच्या जागी उपडे ठेवावे, सकाळी आत वाळवी भरलेली असते. आईला यात काही गैर वाटले नाही. "ती त्यांची शिकार, आपली नव्हे," असा निवाडा तिने दिला. हा धर्मशास्त्रातला बारकावा आम्हांला आजतागायत उमगलेला नाही.

बाकीच्या गोष्टी किरकोळ, तरी चुकू नयेत अशा आहेत. दात नसलेल्या या प्राण्याला पोटातल्या पेषणीत दाणा दळण्यासाठी बारीक खडे लागतात. आमच्या फरशीवर ते नव्हते, म्हणून एका घमेल्यात वाळूचे जाड खडे ठेवले आहेत. पाणी खाद्याच्या दुपटीने लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त, आणि ते सावलीत हवे. शेवग्याचा पाला रोज एक जुडी. भिजवून न शिजवलेला राजमा कधीही नाही. पिले असतील तर त्यांचे खाद्य निराळे. अंड्यावरच्या कोंबडीचे कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

शिंपल्यांचा चुरा वेगळ्या पणतीत ठेवतात, खाद्यात कालवीत नाहीत, कारण कोणाला किती हवा हे कोंबडी स्वतः जाणते. त्या पणतीकडे सकाळी कोणी फिरकत नाही. ऊन उतरू लागले की एकेक कोंबडी येऊन मोजून चार-सहा तुकडे उचलते. कवच रात्री घडायचे असते. अंड्यांची टरफलेही आई तव्यावर भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी बारीक कुटून त्यात घालते; ओळखू आली तर कोंबडीला आपलीच अंडी फोडून खाण्याची चटक लागते, असे तिचे म्हणणे. कुटताना ती डावा हात वापरते. उजवे मनगट जुळले आहे, पण खलबत्त्याला अजून बळ पुरत नाही.

मध्यंतरी आमच्या लक्षात आले, की कोंबड्यांचे पिवळे पाय फिकट होत चालले आहेत. आम्ही घाबरून पुन्हा पशुवैद्यांना बोलावले. ते म्हणाले, अंडी नियमित येत असली की पायांचा पिवळा रंग उतरतो. मक्यातून, पाल्यातून येणारा रंग बलकात जातो. विसाव्याच्या दिवसांत तो पायांवर परत येतो. जाता जाता एक सांगतो: हा पिवळा रंग घरकोंबड्यांना बहुधा आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याकडून मिळाला, असे 2008 साली स्वीडनमधल्या संशोधकांना आढळले. आईला हे सांगताच तिने पायांकडे पाहिले आणि म्हणाली, "मग मार्गशीर्षात अंडी कमी आली तर ओरडायचं नाही."

आमची ताटलीची सवय मात्र पुरती गेलेली नाही. कोंबडीच्या दिवसाच्या अन्नातला दहावा हिस्सा लाडाकोडाचा असावा, अशी पशुवैद्यांनी सवलत दिली आहे, आणि तो हिस्सा मोजण्यात आम्ही थोडी ढिलाई करतो. परवा दुपारी आम्ही पातेले घेऊन हळूच मागच्या दाराशी गेलो. कोंबड्या धावत आल्या. आई खुराड्यापाशी पाटावर बसली होती. हातात तिचा तीनचा दुधाचा पेला होता.

"काय आहे त्यात?" तिने विचारले.

"थोडा भात उरलाय."

"किती?"

आम्ही पातेले तिरपे करून दाखविले. तिने चिमूटभर शिते बोटांनी उचलून कोंबड्यांपुढे टाकली, आणि पातेले आमच्याकडे परत सरकवीत म्हणाली, "बाकीचा फोडणीला टाक. रात्री तू खा."