पहिली भेट तासाभराची

गुडघे धरलेत म्हणून आलेल्या बाईंना होमिओपॅथ विचारतो, "घाम कुठे जास्त येतो?" बाई सुनेकडे बघतात. मग आंबट आवडतं की गोड, तहान घोटघोट लागते की तांब्याभर, झोपताना पाय पांघरुणाबाहेर काढावे लागतात का, विजा कडाडल्या की काय होतं, माहेरी कुणाला क्षय झाला होता का. गुडघ्यांचं कधीच सांगून झालेलं असतं, तरी वहीची पानं उलटतच राहतात.

नवखा माणूस गोंधळतो, पण या चौकशीला शिस्त आहे. सॅम्युएल हॅनेमन या जर्मन डॉक्टरच्या 'ऑर्गेनॉन'ची पहिली आवृत्ती 1810 साली निघाली. केस कशी घ्यावी हे या ग्रंथात बारकाईने सांगितलं आहे. रोग्याला मध्येच तोडू नये, त्याचेच शब्द उतरवून घ्यावेत. प्रत्येक नवी तक्रार नव्या ओळीवर लिहावी, म्हणजे मागाहून भर घालायला जागा राहते. 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असा प्रश्न टाळावा. हा शेवटचा नियम गर्दीच्या दवाखान्यात सर्रास मोडला जातो.

गुडघे तर दहाजणींचे दुखतात. होमिओपॅथ शोधतो ते या एकीचं वेगळेपण. बसून उठताना पहिल्या पावलाला कळ येते आणि चार पावलं टाकली की मोकळं वाटतं, असं म्हटलं की त्याच्या मनात 'रस टॉक्स' हे औषध येतं. जरा हललं तरी दुखतं, पडूनच राहावंसं वाटतं, म्हटलं की 'ब्रायोनिया'. लक्षणांवरून औषध शोधण्यासाठी केंट या होमिओपॅथची 1897 मधली रेपर्टरी आजही वापरात आहे, फक्त आता ती बहुतेकांच्या संगणकात असते.

मग त्या साबुदाण्यासारख्या गोळ्या. त्या निव्वळ साखरेच्या असतात. कंपाउंडर इवल्याशा बाटलीत त्या भरतो, वरून अल्कोहोलमधल्या औषधाचे थेंब सोडतो, बूच लावून हलवतो आणि झाकणावर पेनाने 1, 2 असे आकडे टाकतो. हात न लावता झाकणात चार घ्यायच्या, जिभेवर विरघळू द्यायच्या. कच्चा कांदा आणि कॉफी अनेकजण बंद करायला सांगतात.

बाटलीत मूळ द्रव्य किती असतं? '30' पोटेन्सी म्हणजे एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा केलेलं विरलन. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादा रेणूही सापडण्याची शक्यता उरत नाही. प्रस्तुत लेखक याच विद्येचा पदवीधर असला, तरी हे रोग्यापासून दडवण्यात त्याला अर्थ वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने 2015 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि कोणत्याही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही, असं जाहीर केलं. त्याहून बोलका आहे तो 2011 मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्लंडमधला एक छोटा प्रयोग. आमवाताच्या 83 रुग्णांची नेहमीची औषधं चालूच होती. ज्यांच्याशी होमिओपॅथ सविस्तर बोलला त्यांना बरं वाटलं. गोळी खरी होती की नुसती साखरेची, याने फरक पडला नाही. तो तासभर वाया जात नाही, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

बाईंनी सोबत एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्यावीत. भिंतीवर महाराष्ट्र होमिओपॅथी परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही बघावं. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या बंद करा, असं कुणी सांगितलं तर तिथून उठावं. गुडघा एकाएकी सुजून लाल, गरम झाला आणि अंगात ताप असेल, तर या रांगेत बसूच नये. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावं.