अडीचशे चौरस फुटांतला स्टीरिओ

ध्वनियंत्रांची परीक्षणे वाचताना एक उणीव सतत जाणवते: परीक्षकाची खोली त्यांत कुठेच नसते. यंत्राचे वजन असते, वॅट असतात, बॅटरी किती तास चालते तेही असते. पण ते कुठल्या भिंतींमध्ये वाजणार, याची चौकशी कोणी करीत नाही. मोठ्या दिवाणखान्यात हे चालून जात असावे. घर अडीचशे चौरस फुटांचे असले की मात्र खोली हाच यंत्राचा अर्धा भाग होऊन बसतो.

अडीचशे हा आकडा हवेतला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या उद्ध्वस्त गावांचे पुनर्वसन झाले. त्या वेळी जमीनधारणेनुसार घरांचे तीन आकार ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीन आणि अल्पभूधारक यांच्या वाट्याला पहिला आकार आला. आमचे गाव तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आता लोहाऱ्यात आहे. आईचे घर याच पहिल्या आकाराचे.

या घरासाठी गेल्या वर्षी एक आटोपशीर, सहज उचलता येईल असा स्टीरिओ शोधत होतो. त्यात कॅसेट वाजली पाहिजे, एवढीच अट. १९९१ साली जुन्या घरात, टू-इन-वनच्या अंगच्याच मायक्रोफोनवर भरलेली एक कॅसेट आईजवळ आहे. आराधी बायकांची गाणी, संबळ, झांज आणि त्यांत आजीचा आवाज. भूकंपाच्या वेळी ती मामाकडे सोलापुरात होती, म्हणून राहिली.

दुकानात सगळीच यंत्रे चांगली वाजतात. म्हणून ओळखीच्या दुकानदाराकडून दोन यंत्रे चार दिवसांच्या बोलीवर घरी आणली.

‘स्टीरिओ’ हा शब्दच अशा घरात तपासून घ्यावा लागतो. एकाच डब्यातले दोन स्पीकर जेमतेम दीड फुटाच्या अंतरावर असतात. डावे-उजवे नीट उमगायचे तर ऐकणाऱ्याने त्यांच्याशी साधारण समभुज त्रिकोण करून, म्हणजे दीड फुटावरच, बसायला हवे. डबा फळीवर, आई चुलीपाशी आणि पोरे दारात, अशा घरात हा त्रिकोण कोण साधणार? शिवाय कॅसेट एकाच मायक्रोफोनवर भरलेली. तिला डावे-उजवे ठाऊकच नाही. वॅटचेही तसेच. खोक्यावर ‘पीएमपीओ’ म्हणून छापलेला भलामोठा आकडा क्षणभराच्या कमाल जोराचा असतो. सलग मिळणारी शक्ती त्याच्या एका लहानशा अंशाएवढी.

खरी परीक्षा संबळाने घेतली. संबळ जोडीचे वाद्य आहे: एक भांडे बारीक बोलते, दुसरे खर्जात. पहिल्या यंत्राने बारीक भांडे लखलखीत वाजवले आणि खर्जाचे जवळजवळ गिळून टाकले. तीन इंची स्पीकरकडून याहून अधिक मागणे अन्यायाचेच. ‘बास’चे बटण दाबले तर खर्ज आला, पण कोणत्याही भांड्याचा नसलेला, नुसता फुगलेला. दुसरे यंत्र जड, दिसायला गबाळे, सहा मोठे सेल खाणारे; त्यात दोन्ही भांडी वेगळी राहिली, आणि मुख्य म्हणजे आवाज लहान केल्यावरही राहिली. लहान घरात हा गुण सर्वांत मोलाचा आहे. आवाज उतरला की आपल्या कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो, आणि एका खोलीत पोरे झोपलेली असताना आवाज उतरवावाच लागतो.

तरीही गाणे घुमत होते. सिमेंटच्या उघड्या, समोरासमोरच्या भिंती आणि वर स्लॅब. झांजेचा प्रत्येक टोला परतून येई. जुने घर माळवदाचे होते. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडांवर मातीचा जाड थर. त्यात आवाज घुमत नसे, मातीत जिरून जाई. तेच छप्पर आणि त्याच भिंती त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर आल्या. मृतांचा सरकारी आकडा सुमारे आठ हजार आहे. त्या मातीच्या ध्वनिगुणांची तारीफ करताना माझी जीभ अडखळते. पण कॅसेटमध्ये ते घर आहे. गाण्याभोवतीची ती कोरडी, जवळची शांतता त्या माळवदाची आहे, आणि नवी खोली तिच्यावर आपला घुमारा चढवते.

हार्वर्ड विद्यापीठातल्या एका व्याख्यानकक्षात बोलणे घुमून कळेनासे होई. १८९५ च्या सुमारास वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने जवळच्या नाट्यगृहातल्या बैठकींच्या गाद्या रात्री तिथे वाहून आणल्या आणि गाद्या वाढतील तसा नाद किती लवकर विरतो ते मोजले. आजच्या ध्वनिशास्त्राची एक शाखा त्या गाद्यांतून निघाली. आमच्याकडे गाद्या नव्हत्या, वाकळी होत्या. तीन वाकळी समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगल्या आणि दुसऱ्या यंत्रावर कॅसेट पुन्हा लावली.

झांज मऊ झाली. आजीचा आवाज भिंतीतून सुटून डब्याशी येऊन बसला. दोन गाण्यांच्या मधे कोणीतरी पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आहे, तो मी पहिल्यांदाच ऐकला. आई चुलीपासून उठून आली, थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, “बारीक कर, पोरं निजलीत.” बारीक केले, तरी ती उभीच होती.

पहिले यंत्र परत गेले. वाकळींपैकी दोन भिंतीवर राहू द्यायला आई तयार झाली. तिसरी तिने उतरवून घेतली. थंडीत लागेल म्हणाली.