इथं समिंदर होता...

आमच्या वऱ्हाडातून समुद्र बघायचा तर एक रात्र रेल्वेत काढावी लागते. तरी माझ्या आजोळी, दर्यापूर तालुक्यात, विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकून टाकावंसं वाटतं. पूर्णेच्या दोन्ही काठांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. आठशेच्या वर गावं आहेत त्यात. डाळ शिजता शिजत नाही. हरभरा मात्र असा पिकतो की विचारू नका!

कारण विचारलं की मामाचं उत्तर तयार असतं, "अवं, इथं समिंदर होता. आटला. मीठ राह्यलं."

ऐकायला छान वाटतं, पण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्यानंतर समुद्र आल्याची खूण सापडत नाही. पूर्णेचं खोरं म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी खचलेला भाग. नदीने त्यात शेकडो मीटर गाळ भरला. चिकण माती, निचरा नाही, वर आमचं ऊन. खडक झिजून आलेले क्षार वाहून जायच्या ऐवजी तिथेच मुरले. जुन्या काळी दहीहांड्याकडे विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढत.

आणि समुद्र तरी वेगळं काय करतो म्हणा. नद्या क्षार आणून टाकतात, पाणी वाफ होऊन निघून जातं. त्याचा पसारा एवढा अफाट की बदल डोळ्यांना दिसत नाही इतकंच. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास पाव हिस्सा तो गिळतो. त्यापायी त्याचा पीएच ८.२ वरून ८.१ च्या आसपास आला. आकडा किरकोळ वाटतो ना? पण या मापात एवढ्यानेच आम्लता पाव हिश्शाहून जास्त वाढते, आणि प्रवाळांना, शिंपल्यांना आपली घरं बांधणं जड जातं.

हेच सगळं भराभर घडताना बघायचं असेल तर लोणारला जावं. उल्केच्या धडकेने झालेलं विवर, रुंदी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. पीएच दहाच्या आसपास असायचा, म्हणजे सोड्याचंच पाणी. त्यात जगणारे जीवही खास, त्या पाण्याला सरावलेले. जून २०२० मध्ये ते तळं गुलाबी झालं तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर चमत्कारापासून शापापर्यंत सगळं येऊन गेलं :-) पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर पाणी आटून खारटपणा वाढला होता आणि मीठ आवडणारे गुलाबी रंगाचे सूक्ष्मजीव माजले होते. पाऊस आला, रंग गेला. त्याच वर्षी तळ्याला रामसरचा दर्जा मिळाला.

मग २०२५ मध्ये उलटंच. पाणी वाढत वाढत कमळजा मातेच्या देवळात शिरलं. मासे दिसल्याच्या बातम्या आल्या, आणि लोकांना आनंदच झाला! मला नाही झाला. त्या पाण्यात मासा जगतोय म्हणजे सोडा पातळ झालाय, आणि ज्यांना दुसरीकडे कुठे घर नाही त्या जिवांची जागा जातेय. मामाला हे सांगितलं तर म्हणाला, "मासोई आली त खा नं, रडतं कायले?"

मामा आता आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी अकोल्याला येतो, आमच्याकडेच उतरतो. आजोळच्या गावात किडनीचं दुखणं घरटी ऐकू येतं. मामाचं दुखणं पाण्यानेच झालं असं डॉक्टरांनी म्हटलेलं नाही, त्याला बीपीही आहे. पण साठ वर्षं तेच पाणी पोटात गेलंय. शहानूर धरणाचं पाणी नळाला येऊ लागलं ते फार नंतर.

घरात सध्या वाद आहे तो बोअरचा. पावसाचे दिवस कमी आणि जेव्हा येतो तेव्हा धो धो, म्हणून मामेभावाला बोअर मारून रब्बीला पाणी द्यायचंय. मी विरोधात आहे (दादा, तू हे वाचणार माहीत आहे). त्या पाण्यातलं सोडियम मातीत बसलं की माती फुगते, पाणी आत घेत नाही, वाळली की दगड. ती जमीन दुरुस्त करायला जिप्सम घाला, वर्षानुवर्षं गोड पाण्याने धुवा, आणि ते गोड पाणी आणायचं कुठून? पावसाचं पाणी शेततळ्यात धरावं हे माझं म्हणणं. पण तळ्यात एकराचा काही भाग जातो, आणि एकरं आहेतच किती.

मामा बोलत नाही. मागच्या मंगळवारी डायलिसिसहून आल्यावर पडल्या पडल्या एवढंच म्हणाला, "तयं खोद म्हणा त्याले. वरच्या धुऱ्याकडं. तिथं तसंही काई पिकत नाई."

दादा, फोन कर.